प्रोग्रॅमिंगच्या वर्गासाठी सिद्ध लिनक्स

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त त्र्यंबकेश्वर येथे झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



त्र्यंबकेश्वराहून नाशिककडे जाताना अंजनेरी लागते. तेथील प्राचीन मंदिरांच्या अवशेषांत एका जैन मंदिराचा शके १०६३ चा, म्हणजे सुमारे इ. स. ११४२ चा शिलालेख आहे. यादव राजा सेऊणचंद्र याच्या काळातील हा लेख आठवे तीर्थंकर भगवान चंद्रप्रभ यांच्या मंदिराला मिळालेल्या दानाची नोंद करतो. हे दान दुकानांचे आहे. वत्सराज नावाच्या एका व्यापाऱ्याने एक दुकान व एक घर या कामी दिल्याचाही त्यात उल्लेख आहे. व्यापारी माणसाची दृष्टी येथे दिसून येते. एकदाच मोठी रक्कम देऊन मोकळे होण्याऐवजी, उत्पन्न येत राहावे आणि त्यातून मंदिराचा नित्यक्रम चालावा, अशी तजवीज त्या काळच्या दात्यांनी केली.

प्रस्तुत विषयाचा या शिलालेखाशी संबंध आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात गावातील मुलांसाठी प्रोग्रॅमिंगचा वर्ग सुरू करावा, असा विचार विश्वस्तांपुढे आला आहे. असा विचार निघाला की पहिला प्रश्न विचारला जातो तो संगणक किती घ्यायचे हा. देणगीदाराचे नाव संगणकावर लिहिता येते, उद्घाटनाचे छायाचित्र संगणकाजवळ काढता येते. परंतु संगणक घेतल्याने वर्ग सुरू होत नाही. महाराष्ट्रातील कितीतरी शाळांत देणगीतून आलेल्या संगणकांवर प्लॅस्टिकची आवरणे तशीच राहिली आणि खोलीचे कुलूप तपासणीच्या दिवशीच उघडले गेले. वर्ग चालण्यासाठी त्या यंत्रांच्या आत काय आहे, ते सर्व यंत्रांत सारखे आहे काय, आणि बिघडल्यास पुन्हा पूर्ववत कोण व किती वेळात करणार, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी हाती असावी लागतात. ‘सिद्ध लिनक्स’ म्हणजे याच तीन प्रश्नांचे उत्तर होय.

वर्गाचा पहिला दिवस डोळ्यांसमोर आणावा. पंधरा संगणक आहेत. काही एका दुकानातून आलेले, काही एका कार्यालयाने काढून टाकलेले. दोहोंतील विंडोज वेगवेगळी, एकात पायथॉन आहे तर दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात आहे पण जुनी आवृत्ती. शिक्षक फळ्यावर दोन ओळींचा प्रोग्रॅम लिहितात. पाच मुलांचा चालतो, दहांचा चालत नाही. ज्यांचा चालत नाही त्यांची काहीच चूक नसते, पण त्यांना ते कळत नाही. आपल्याला हे जमत नाही, असे त्यांना वाटते. शिक्षक एकेका यंत्रापाशी जाऊन दुरुस्ती करीत राहतात आणि तास संपतो. दुसऱ्या आठवड्यात दहांपैकी चार मुले येत नाहीत. प्रोग्रॅमिंग अवघड आहे म्हणून मुले सोडतात असे सर्रास सांगितले जाते; प्रत्यक्षात पुष्कळ मुले प्रोग्रॅमिंगपर्यंत पोहोचतच नाहीत.

अव्यवस्थित साधनाने शिक्षणाचे किती नुकसान होते याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. सी आणि सी++ या भाषा शिकविण्यासाठी अनेक महाविद्यालयांत टर्बो सी नावाचे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे वापरले गेले. बोरलँड या अमेरिकन कंपनीने ते १९८७ मध्ये बाजारात आणले आणि त्या काळी ते उत्तमच होते. परंतु ते डॉसच्या जमान्यातले. जग पुढे गेले, डॉस मावळली, तरी आपल्याकडे निळ्या पडद्याचे तेच सॉफ्टवेअर एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहिले. नव्या संगणकांवर ते सरळ चालेना, तेव्हा जुन्या डॉसचे सोंग घेणारा आणखी एक प्रोग्रॅम मध्ये घालून ते चालविण्यात आले.

त्यात काय बिघडले हे व्यापाऱ्यांना एका हिशेबाने लगेच समजेल. टर्बो सीमध्ये साध्या पूर्णांकासाठी सोळा बिटांची जागा असते. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ३२,७६७. समजा, एखाद्या मुलाने दिवसाच्या विक्रीची बेरीज करणारा प्रोग्रॅम लिहिला आणि बेरीज ४०,००० झाली, तर पडद्यावर उणे २५,५३६ दिसते. दिवसभर गिऱ्हाईक करून पेढी तोट्यात! आजच्या जीसीसी या मुक्त कंपायलरमध्ये त्याच पूर्णांकाला बत्तीस बिट मिळतात आणि मर्यादा २१४ कोटींच्या पलीकडे जाते. म्हणजे मुलाने लिहिलेल्या त्याच ओळी एका यंत्रावर खोटे उत्तर देतात, दुसऱ्यावर खरे. शिवाय टर्बो सीवर शिकलेल्या विद्यार्थ्याला अशा काही सवयी लागतात की, जगात प्रचलित असलेल्या कंपायलरवर त्याचा प्रोग्रॅम पहिल्या ओळीतच अडतो. नोकरीच्या पहिल्या चाचणीत त्याला हे समजते. दोष त्याचा नसतो. त्याला जे साधन हाती दिले त्याचा असतो. ज्यांनी ते साधन तयार करून ठेवायचे होते, त्यांनी तो विचार केला नव्हता.

आता लिनक्सविषयी थोडक्यात. संगणकाचे यंत्र आणि आपण वापरतो ते प्रोग्रॅम यांच्यामध्ये जो कारभारी असतो त्यास ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज ही तशी एक, लिनक्स ही दुसरी. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू नावाच्या मुक्त प्रणालीची घोषणा केली; तिचा गाभा मात्र अपुरा राहिला होता. फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्स हा गाभा लिहिला आणि दोन्ही मिळून पूर्ण प्रणाली उभी राहिली. ती कोणीही वापरावी, तिची रचना उघडून पाहावी, तीत बदल करावा आणि तिच्या प्रती काढून इतरांना द्याव्यात, अशी परवानगी तिच्या परवान्यातच लिहिलेली आहे. आज जगातील बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात, आणि अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे. तेव्हा खिशात लिनक्स बाळगून ‘लिनक्स आपल्याला जमायचे नाही’ असे म्हणणाऱ्यांची संख्या आपल्या सभेतही बरीच असणार!

येथे एका धर्मविचाराचा उल्लेख आवश्यक आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील मापात कमी-जास्त करण्याचा अतिचार व्यापारी वर्गास चांगला परिचित आहे, कारण गजाची पट्टी रोज हातात असते. परंतु त्याच यादीत ‘तदाहृतादान’ म्हणजे चोरून आणलेली वस्तू स्वीकारणे आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’ म्हणजे नकली वस्तू खरी म्हणून चालविणे हेही आहेत. परवाना न घेता उतरविलेली विंडोज किंवा तिच्या कुलपाची बनावट किल्ली ही या दोन्हींत बसते. बाजारात संगणक जोडून देणारा माणूस ‘सगळे टाकून देतो’ म्हणतो, तेव्हा त्या ‘सगळ्या’त काय आहे हे कोणी विचारीत नाही. ज्या ट्रस्टच्या भिंतीवर पंचव्रतांचा फलक आहे त्याच्याच खोलीत मुलांनी चोरीच्या साधनावर पहिला धडा गिरवावा, हे योग्य नव्हे. योग्य परवाने विकत घेणे हा एक मार्ग आहे. ज्याची प्रत काढून देणे हेच विधिसंमत आहे असे साधन वापरणे हा दुसरा.

प्रत काढून देण्याची ही कल्पना जैन समाजाला नवी नाही. आहार, औषध, अभय आणि शास्त्र या चार दानांपैकी शास्त्रदानाचा प्रत्यक्ष अर्थ छापखान्यापूर्वी एकच होता : ग्रंथाची प्रत करवून घेणे आणि ती मुनींना, मंदिराला किंवा ज्ञानभांडाराला अर्पण करणे. दहाव्या शतकात कर्नाटकातील अत्तिमब्बे या श्राविकेने कवी पोन्न याच्या शांतिपुराणाच्या एक हजार ताडपत्री प्रती करवून वाटल्या, असे परंपरा सांगते. पाटण आणि जैसलमेर येथील भांडारे अशाच प्रतींनी भरली. प्रत काढणाऱ्या लहियांचीही एक रीत होती. पोथीच्या शेवटी ते लिहीत की, जसे पाहिले तसे लिहिले, अशुद्ध असल्यास दोष आम्हाला देऊ नये. मूळ प्रतीत चूक असेल तर ती हजार प्रतींत उतरते, ही जाणीव त्या नम्र ओळीत आहे. सिद्ध लिनक्सचे सारे तंत्र या जाणिवेवरच उभे आहे, हे पुढे दिसेल.

सिद्ध वातावरण तयार करून मुलांच्या हाती देण्याचे प्रयोग आपल्या परिसरात झालेले आहेत. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैरात धनगरवाडा येथील छोट्या शाळेत ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाचा भारतातील पहिला प्रयोग सुरू झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपमध्ये स्मृती अवघी २५६ मेगाबाइट आणि साठवण एक गिगाबाइट होती. आजच्या स्वस्त फोनमध्येही याहून कितीतरी अधिक असते. परंतु आतली लिनक्स मुलांसाठी मुद्दाम सिद्ध केलेली होती. कासवाला आज्ञा देऊन चित्र काढण्याचा प्रोग्रॅम, पायथॉनचे छोटे प्रोग्रॅम लिहिण्याची जागा, सर्व काही यंत्र उघडताच समोर. त्याच्या कीबोर्डवर एक विशेष कळ होती. ती दाबली की चालू प्रोग्रॅमची मूळ रचना दिसावी अशी योजना होती. शोभेच्या यंत्रात आणि शिकण्याच्या यंत्रात हाच फरक. हा जागतिक उपक्रम पुढे अपेक्षेप्रमाणे फोफावला नाही. तरीही आतले वातावरण आधी ठरवून मग यंत्र मुलाच्या हाती द्यावे, हा त्याचा क्रम बरोबर होता.

दुसरा मोठा प्रयत्न मुंबईच्या आयआयटीचा. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय शिक्षण अभियानातून मिळालेल्या साहाय्याने तेथे ‘फॉसी’ आणि ‘स्पोकन ट्युटोरियल’ हे दोन प्रकल्प उभे राहिले. रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांचे नाव या कार्याशी निगडित आहे. स्पोकन ट्युटोरियल म्हणजे सुमारे दहा मिनिटांचा दृक्‌श्राव्य पाठ. पडद्यावर प्रत्यक्ष काम दिसते आणि निवेदन ऐकू येते. पडदा इंग्रजीच राहतो, परंतु निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत करण्यात आले आहे. लिनक्स, पायथॉन, सी, लिबरऑफिस अशा अनेक विषयांचे पाठ तेथे विनामूल्य मिळतात आणि उतरवून घेऊन इंटरनेटशिवायही पाहता येतात. विद्यार्थ्याने एका बाजूस पाठ चालू ठेवावा, दुसऱ्या बाजूस तेच स्वतः करून पाहावे, अशी त्यांची पद्धत आहे.

या पाठांतील एक बारकावा आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. बहुतेक पाठांच्या आरंभी निवेदक सांगतो की, हा पाठ तयार करण्यासाठी अमुक लिनक्सची अमुक आवृत्ती आणि पायथॉनची अमुक आवृत्ती वापरली आहे. हे वाक्य ऐकणारा कंटाळतो. पण ते उगाच नाही. पाठातील पडदा आणि मुलासमोरचा पडदा एकच असेल तरच ‘पाहा आणि करा’ ही पद्धत चालते. पडदे जुळले नाहीत की, पाठ पुढे जातो आणि मूल मागे राहते. म्हणून कोणते पाठ वापरायचे हे आधी ठरवावे, आणि त्यांना जुळणारे वातावरण यंत्रांत सिद्ध करावे. बहुधा याच्या उलट होते.

याच आयआयटीत आकाश या स्वस्त टॅब्लेटवरही सी, सी++, पायथॉन व सायलॅब यांचे प्रोग्रॅम लिहून चालविण्याची सोय २०१२च्या सुमारास करण्यात आली होती. आकाश आज कोठे दिसत नाही. यंत्रे जातात, असा त्याचा अर्थ. त्यासाठी केलेली शैक्षणिक तयारी मात्र दुसऱ्या यंत्रावर नेता येते.

शेजारच्या गोव्यात परदेशस्थ गोवेकर आणि स्थानिक कार्यकर्ते यांनी मिळून वापरलेले संगणक शाळांना दिले आणि त्यांवर लिनक्स बसविली. केरळचा प्रयोग सर्वांत व्यापक. २००१ मध्ये सुरू झालेल्या आयटी अॅट स्कूल प्रकल्पाने, जो २०१७ पासून ‘काइट’ या नावाने ओळखला जातो, राज्यातील शाळांसाठी स्वतःची लिनक्स सिद्ध केली. पाठ्यपुस्तक, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि यंत्रातील प्रणाली ही तिन्ही एकमेकांना धरून आहेत. आपल्या सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रकाशित केली, तिचीही शाळांसाठी वेगळी आवृत्ती आहे. पण छोट्या गावातील ट्रस्टला यांपैकी काहीही आयते मिळाले तरी त्यावर थोडा हात फिरवावाच लागतो. आयता शर्ट सर्वांना होतो, पण बाही प्रत्येकाची निराळी.

आता प्रत्यक्ष कृती. येथे थोडे तपशिलात शिरणे भाग आहे.

प्रथम यंत्रे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साधारणपणे २०१७ पूर्वीच्या संगणकांवर अधिकृतपणे बसत नाही. त्यामुळे दुकानांतून आणि कार्यालयांतून चांगले चालणारे संगणक बाहेर पडत आहेत. लिनक्सला ते पुष्कळ झाले. चार गिगाबाइट स्मृती असावी, आठ असल्यास उत्तम. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून छोटी एसएसडी घालावी. या एका बदलाने जुन्या यंत्राला जितका फायदा होतो तितका कशानेही होत नाही. यंत्र चौसष्ट बिटांचे आहे ना, हे घेण्यापूर्वीच पाहावे. डेबियन ही लिनक्सची एक जुनी, भरवशाची परंपरा; तिच्या २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपासून बत्तीस बिटांच्या यंत्रांवर ती नव्याने बसविण्याची सोय राहिलेली नाही. देणगी म्हणून आलेली अतिशय जुनी यंत्रे नम्रपणे परत करावीत. देणगी नाकारणे अवघड असते, पण खोलीभर भंगार सांभाळणे त्याहून अवघड. मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरीही बदलावी. ती संपली की घड्याळ चुकते, आणि घड्याळ चुकले की सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. मग इंटरनेट बिघडले असे समजून सारे राउटरकडे धावतात.

नंतर एकच यंत्र निवडून त्यावर मूळ प्रत सिद्ध करावी. डेबियन किंवा उबंटू यांची हलकी मांडणी, जसे एक्सएफसीई, त्यावर बसवावी. पायथॉनसाठी थॉनी हा संपादक घ्यावा. एस्टोनियातील तार्तू विद्यापीठात नवशिक्यांसाठीच तो तयार झाला आणि प्रोग्रॅम ओळीओळीने चालताना प्रत्येक नावात कोणती किंमत आहे ते तो दाखवितो. सीसाठी जीसीसी आणि गीअनी पुरे. याहून अधिक घालण्याचा मोह टाळावा. सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते म्हणून चाळीस प्रोग्रॅम भरले की, मूल पहिला महिना चिन्हांवर टिचक्या मारण्यात घालविते. स्पोकन ट्युटोरियलचे निवडक मराठी पाठ आणि पायथॉनची संदर्भपुस्तिका यंत्रातच ठेवावी, कारण वर्ग इंटरनेटवर अवलंबून नसावा.

मराठीची सोय अवश्य करावी. इनस्क्रिप्ट कीबोर्ड आणि देवनागरी फाँट लिनक्समध्ये सहज मिळतात. पायथॉन ३ मध्ये चलांची नावे देवनागरीत देता येतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. किंमत, नग, एकूण अशी नावे देऊन मुलाने हिशेब लिहिला तर तो खरोखर चालतो. आज्ञांचे शब्द इंग्रजीच राहतात, आणि पुढे मुलाने नावेही इंग्रजीत द्यावीत हे बरे. पण पहिल्या आठवड्यात नाव म्हणजे काय आणि किंमत म्हणजे काय, हे मातृभाषेत एकदा बसले की, पुन्हा शिकवावे लागत नाही.

यंत्रात दोन खाती असावीत. शिक्षकाच्या खात्यास सर्व अधिकार, विद्यार्थ्याच्या खात्यास फक्त लिहिण्या-चालविण्याचा. विद्यार्थ्याने पडद्याचा रंग बदलावा, खिडक्या हलवाव्यात, चुकून काही पुसावे. पुढच्या तासाला सर्व पूर्ववत व्हावे अशी योजना करता येते. मुलाचे काम मात्र वेगळ्या जागी सुरक्षित राहिले पाहिजे. एवढा एक भाग चुकला आणि महिन्याभराचे लेखन पुसले गेले, तर त्या मुलाचा विश्वास परत मिळत नाही. वर्ग चालू असताना प्रणालीने आपण होऊन नव्या आवृत्त्या उतरवू नयेत, तेही बंद करावे. ते काम दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा, मूळ प्रतीवर करावे आणि ते विसरू नये, कारण सुरक्षिततेच्या दुरुस्त्याही त्यातच असतात.

मग परीक्षा. येथे लहियांची आठवण ठेवावी. प्रत काढण्यापूर्वी वर्गाचे पहिले दहा धडे या मूळ यंत्रावर अथपासून इतिपर्यंत करून पाहावेत, आणि ते तयार करणाराने स्वतः करू नयेत. सातवी-आठवीतील एखादे मूल बसवावे आणि मागे हात बांधून उभे राहावे. ते कोठे अडते ते टिपावे. जो दोष येथे एका यंत्रावर दिसतो, तोच न पाहिल्यास पंधरा यंत्रांवर दिसणार आहे.

दोष गेले की क्लोनझिलासारख्या मुक्त साधनाने संपूर्ण डिस्कची प्रतिमा काढावी आणि ती एकेका यंत्रावर उतरवावी. नव्या डिस्कवर एका यंत्राला अर्धा तास पुरतो. येथे दोन खाचखळगे आहेत. ज्या डिस्कवर प्रत उतरवायची ती मूळ डिस्कपेक्षा लहान चालत नाही. म्हणून मूळ प्रत मुद्दाम सर्वांत लहान डिस्कवर करावी. दुसरे, प्रत्येक लिनक्सला आपली ओळख सांगणारा एक क्रमांक असतो. प्रतीबरोबर तोही जसाच्या तसा उतरतो आणि काही वेळा राउटर दोन यंत्रांना एकच समजतो. प्रत्येक प्रतीवर तो क्रमांक आणि यंत्राचे नाव बदलावे लागते. ज्या घरांत विंडोजचा संगणक आहे तेथे तेच वातावरण पेनड्राइव्हवरून चालविता येते. विंडोजला हातही लागत नाही.

त्र्यंबक तालुक्याचा पावसाळा सर्वांना माहीत आहे. वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. आजची लिनक्स आपल्या लेखनाची नोंदवही ठेवते, त्यामुळे अचानक वीज गेली तरी डिस्कवरील रचना बहुधा शाबूत राहते; न जतन केलेले काम मात्र जाते. आणि एखादे यंत्र कोलमडलेच, तर दुरुस्ती करणाऱ्याला नाशिकहून बोलवावे लागत नाही. प्रतिमा पुन्हा उतरविली की, अर्ध्या तासात यंत्र वर्गात परत येते. वर्गाच्या आयुष्यात याचे मोल पाच नव्या संगणकांहून अधिक आहे.

काही आक्षेप रास्त आहेत. टॅली आणि जीएसटीची कामे विंडोजवर चालतात. ज्या मुलाला पेढीवर बसायचे आहे त्याला ते शिकावेच लागेल. त्यासाठी निराळा वर्ग आणि परवाना घेतलेली दोन यंत्रे ठेवावीत; प्रोग्रॅमिंगच्या वर्गात ते मिसळू नये. गावात लिनक्स जाणणारा मनुष्य नाही, हाही आक्षेप खरा आहे आणि तोच सर्वांत गंभीर आहे. एखादा उत्साही तरुण सारे उभे करतो, दोन वर्षांनी नोकरीसाठी पुण्याला जातो आणि वर्ग बंद पडतो. पासवर्ड त्याच्या डोक्यात, कृती त्याच्या हातात. म्हणून मूळ प्रत करताना पहिल्या पायरीपासून प्रत्येक कृती मराठीत एका वहीत लिहावी, आणि ती वही वाचून दुसऱ्या एखाद्या व्यक्तीने, शक्यतो आपल्या महिला मंडळातील एखाद्या भगिनीने, एक यंत्र पूर्णपणे उभे करून दाखवावे. जोवर ते दुसऱ्याकडून होत नाही तोवर वही अपुरी समजावी. आजकाल मुले प्रश्न लिहितात आणि कृत्रिम बुद्धिमत्ता प्रोग्रॅम लिहून देते, मग शिकायचे कशाला, असेही विचारले जाते. तिने दिलेला प्रोग्रॅम चालवून पाहायला, आणि ४०,००० च्या जागी उणे आकडा आला तर ओळखायला, चालणारे यंत्र आणि हिशेब समजणारे मूल लागतेच.

खर्चाची मांडणी अशी असावी. यंत्रांवरील खर्च एकदाचा. त्याच्या जोडीस शिक्षकाचे मानधन, वर्षातून दोनदा मूळ प्रत ताजी करण्याचा मोबदला, बॅटरी, माउस, डिस्क यांसारखे किरकोळ सुटे भाग आणि विजेचे बिल हा दरवर्षीचा. देणगी मागताना हा दुसरा भाग आधी मागावा. अंजनेरीच्या त्या दात्यांनी दुकानाचे उत्पन्न दिले, ते याच कारणाने.

मूळ प्रतीचे दोन पेनड्राइव्ह करावेत, कारण पेनड्राइव्ह दगा देतात. एक वर्गाच्या खोलीत असावा. दुसरा, त्या वहीसह, ट्रस्टच्या कपाटात मालमत्तेच्या कागदपत्रांशेजारी ठेवावा आणि दरवर्षी हिशेब तपासणीच्या दिवशी तो एका यंत्रात लावून, चालतो की नाही हे विश्वस्तांनी समक्ष पाहून तशी नोंद इतिवृत्तात करावी.